मेदप्रथिने आणि संवर्धित पेशींची वाढ

खानदेशात ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर पडून शेताच्या बांधापर्यंत केव्हाच पोहोचला आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीचे बागायतदार पूर्वी बसराई किंवा श्रीमंती जातीचे कंद लावीत. १९९० नंतरच्या दशकात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ग्रँड नैन जातीची ऊतकसंवर्धित रोपे पुरविण्यास आरंभ केला, आणि ‘टिश्यूची केळी’ हा शब्दप्रयोग बोलण्यात रुळला. कंदाच्या अग्रभागाचा एक लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत ठेवावयाचा, त्याला क्षार, साखर, काही जीवनसत्त्वे व वनस्पतिसंप्रेरके यांचे मिश्रण द्यावयाचे आणि त्या तुकड्यापासून शेकडो सारखी रोपे मिळवावयाची, असे या प्रक्रियेचे स्थूल स्वरूप आहे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतकासाठी सिद्ध केलेले माध्यम आजही या कामी आधारभूत मानले जाते. त्या माध्यमात मेद नाही आणि प्रथिनही नाही. वनस्पतीची पेशी आपल्याला लागणारे सर्व मेद आणि स्टेरॉले साखरेपासून स्वतः घडविते. बाहेरून ती मागत नाही.

प्राण्याच्या पेशीस असे साधे माध्यम दिल्यास ती काही काळ तग धरते, परंतु सहसा विभागत नाही. तिला क्षार, साखर, ॲमिनो अम्ले व जीवनसत्त्वे यांखेरीज आणखी काहीतरी हवे असते, आणि ते ‘काहीतरी’ अनेक दशके एकाच उपायाने पुरविले गेले: माध्यमात रक्तरस मिसळावयाचा. या रक्तरसातील घटकांपैकी मेदप्रथिने हा एक गट होय. संवर्धित पेशींच्या वाढीवर त्यांचा कोणता परिणाम होतो, तो कोणत्या अर्थाने ‘वाढीवरचा’ परिणाम म्हणावा, आणि पुण्यात जन्मलेल्या एका डासाच्या पेशीमालिकेने या प्रश्नाला कोणते वळण दिले, याचा विचार पुढे केला आहे.

प्राणिपेशींच्या संवर्धनाचा इतिहास सामान्यतः १९०७ पासून मोजतात. त्या वर्षी हॅरिसनने बेडकाच्या गर्भातील मज्जाऊतक लसीकेच्या थेंबात ठेवून त्यातून तंतू फुटताना पाहिले. पुढे कोंबडीचा रक्तद्रव आणि गर्भाचा अर्क यांवर काम चाले, आणि त्यांत नेमके काय आहे हे कोणासही सांगता येत नसे. हॅरी ईगलने १९५५ मध्ये उंदराच्या आणि मनुष्याच्या पेशींना कोणकोणती द्रव्ये अत्यावश्यक आहेत याची काटेकोर यादी केली. तीत तेरा ॲमिनो अम्ले होती. तरीही त्या माध्यमात थोडा रक्तरस घालावाच लागे. यादी पूर्ण झाली नव्हती एवढाच याचा अर्थ. महाराष्ट्रात या विद्येचा पाया घालण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये ‘हेला’ ही पहिली चिरंजीव मानवी पेशीमालिका सिद्ध झाली होती, तेथे त्यांनी काम केले, आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

मेदप्रथिन म्हणजे काय, हे प्रथम पाहणे इष्ट होईल. मेद पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. यास्तव मेदाची वाहतूक करण्यासाठी शरीर सूक्ष्म गोलक घडविते. अल्पघनता मेदप्रथिनाचा, म्हणजे ज्याला व्यवहारात एलडीएल म्हणतात त्याचा, एक गोलक सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या गाभ्यात कोलेस्टेरॉल व मेदाम्ल यांच्या संयोगाने झालेले सुमारे पंधराशे एस्टर-रेणू असतात. बाहेरून फॉस्फोमेदाचे सुमारे आठशे आणि मुक्त कोलेस्टेरॉलचे सुमारे पाचशे रेणू यांचा वेढा असतो. आणि या सर्वांभोवती एकच प्रचंड प्रथिनरेणू गुंडाळलेला असतो. त्याचे नाव अपोप्रथिन बी-१००. त्यात ४५३६ ॲमिनो अम्ले आहेत. उच्चघनता मेदप्रथिन, म्हणजे एचडीएल, याहून पुष्कळ लहान. त्याचे प्रमुख प्रथिन अपोप्रथिन ए-१. म्हणजे ‘मेदप्रथिनाचा घटक’ असे म्हणताना कोलेस्टेरॉल, मेदाम्ले, फॉस्फोमेद, अपोप्रथिने आणि त्यांच्यासोबत चिकटून प्रवास करणारी किरकोळ द्रव्ये, यांपैकी कोणता घटक अभिप्रेत आहे हे सांगितल्याशिवाय विधानास अर्थ येत नाही.

नावांविषयी थोडे विषयांतर येथे अप्रस्तुत ठरणार नाही. कोलेस्टेरॉल हे नाव ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या अर्थाच्या शब्दांपासून बनले, कारण तो पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडला. उच्चघनता आणि अल्पघनता ही नावे तर गोलक काय करतात यावरून पडलीच नाहीत. १९५० च्या सुमारास गॉफमन यांनी अतिवेगी केंद्रोत्सारकात रक्तरस फिरवून कोणता गोलक किती घनतेच्या द्रवात तरंगतो हे मोजले, आणि तरंगण्यावरून पडलेली ती नावे कायम झाली. जळगाव वा धुळे येथील रुग्णनिदान प्रयोगशाळेचा अहवाल हाती घेतलेला रोगी आज एलडीएलला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ आणि एचडीएलला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो. वस्तुतः दोहोंतील कोलेस्टेरॉलचा रेणू एकच आहे. वाहन भिन्न, प्रवासी तोच. चांगले-वाईट ही विशेषणे रक्तवाहिन्यांच्या रोगाच्या संदर्भात काही अर्थ बाळगून असतील. बाटलीतील पेशीला ती लागू करू गेल्यास केवळ गोंधळ होतो, हे पुढे दिसेलच.

दुसरा शब्द ‘वाढ’. मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद दोन कामे करते. मूल वाढते आणि आई पान वाढते. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. शिवाय मंगलप्रसंगी ‘फोडणे’ हा शब्द टाळून नारळ ‘वाढवितात’, तो तिसरा अर्थ. पेशींच्या बाबतीत हे तीनही अर्थ एकत्र नांदतात, ही गोष्ट मौजेची आहे. बाटलीतील पेशींची वाढ म्हणजे मुख्यतः एकीच्या दोन व दोहोंच्या चार होणे, म्हणजे फुटणेच. आणि त्यासाठी त्यांच्या पानात काहीतरी वाढलेले असावे लागते. मेदप्रथिनांमुळे पेशी वाढल्या असे एखाद्या प्रयोगावरून दिसले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. मेदप्रथिनाने पेशीस अन्न वाढले आणि तिच्याजवळ सामग्री आल्यामुळे ती विभागली, असा एक. किंवा मेदप्रथिनाने तिला विभागण्याचा आदेश दिला, असा दुसरा. पेशींची संख्या मोजून या दोहोंतील भेद कळत नाही. या विषयावरील पुष्कळसा वाद या एकाच संदिग्धतेतून निघाला आहे.

भेद कळण्यासाठी वजाबाकीचा प्रयोग करावा लागतो. रक्तरसात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळून त्याची घनता सुमारे १·२१ पर्यंत चढविली आणि तो अतिवेगी केंद्रोत्सारकात फिरविला, की सर्व मेदप्रथिने वर तरंगतात; ती काढून घेऊन खालच्या द्रवातील क्षार पारस्राव्य पटलातून काढून टाकले, की मेदप्रथिनविरहित रक्तरस हाती येतो. या रक्तरसावर पेशी वाढवावयाच्या आणि मग काढून घेतलेला एकेक घटक परत घालून पाहावयाचा. टेक्सास राज्यातील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७३ पासून मनुष्याच्या त्वचेतील तंतुजनक पेशींवर हेच केले. पूर्ण रक्तरसात या पेशी स्वतः कोलेस्टेरॉल घडविण्याचे काम जवळजवळ बंद ठेवीत. मेदप्रथिने काढून घेताच ते घडविणाऱ्या प्रमुख एंझाइमाची क्रियाशीलता अनेक पटींनी चढे. एलडीएल परत घालताच उतरे. ज्या रोग्यांच्या रक्तात आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल अतोनात असते, त्यांच्या पेशींत मात्र एलडीएल घालूनही हे एंझाइम दबत नसे. निरोगी पेशींच्या मानाने त्याची क्रियाशीलता चाळीस ते साठ पट असे. यावरून पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारा एक ग्राही असला पाहिजे आणि या रोग्यांत तो सदोष असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला, आणि तो खरा ठरला. ग्राही एलडीएलला धरून पेशीच्या आत ओढतो, तेथे सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. ही एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. या कार्याबद्दल १९८५ चे नोबेल पारितोषिक दोघांस देण्यात आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मेदप्रथिने काढून घेतली तरी या तंतुजनक पेशी उपाशी मरत नाहीत. बाजारात धान्य मिळाले तर शेत पडीक ठेवावयाचे, न मिळाले तर नांगर धरावयाचा, असा त्यांचा व्यवहार असतो. ज्या पेशींत ग्राहीच नाही त्याही बाटलीत वाढतात. त्यांचा रोग पेशींच्या वाढीत दिसत नाही, न उचललेले कोलेस्टेरॉल रक्तात साचते तेथे तो दिसतो. तेव्हा एलडीएल ‘वाढीस आवश्यक’ आहे असे या पेशींपुरते म्हणता येत नाही. पेशीची स्वतःची निर्मिती बंद पाडली तरच ते आवश्यक ठरते.

निर्मिती बंद पाडण्याचे साधन जपानमधून आले. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांना पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत असे एक द्रव्य मिळाले की जे वरील एंझाइमास थोपविते. १९७६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी आज घराघरांत घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन वर्गातील गोळ्यांचे हे पूर्वज. बाटलीतील पेशींना ते दिले असता त्यांची वाढ थांबते. आता एलडीएल घातले तर ती पूर्ववत व्हावी अशी अपेक्षा होती, कारण कोलेस्टेरॉलची वाण भरून निघाली. परंतु तसे होत नाही. एलडीएलसोबत मेव्हॅलोनेट नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात द्यावे लागते. याचे कारण असे की त्या एंझाइमाच्या वाटेवर कोलेस्टेरॉल हे एकच गाव नाही. त्याच वाटेवरून पेशीला श्वसनासाठी लागणारे युबिक्विनोन आणि प्रथिनांना साखर जोडण्यास लागणारे डोलिकॉल मिळते; तसेच विभाजनाचे नियमन करणाऱ्या कित्येक प्रथिनांना पटलाशी खिळवून ठेवणाऱ्या मेदशृंखलाही तेथूनच निघतात. एलडीएल यांपैकी कोलेस्टेरॉल तेवढे पुरवू शकते. एका घटकाने वाढ पूर्ववत होत नाही म्हणून तो निरुपयोगी असे समजणे जितके चुकीचे, तितकेच वाढ झाली म्हणून तोच तिचे कारण असे समजणेही चुकीचे, ही खूणगाठ या प्रयोगाने बांधून दिली.

काही पेशी मात्र खरोखरीच परावलंबी असतात. उंदराच्या मज्जार्बुदापासून मिळालेली एनएस० ही पेशीमालिका औषधी प्रतिपिंडांच्या उत्पादनात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिला कोलेस्टेरॉल बाहेरून द्यावेच लागते. कोलेस्टेरॉल घडविण्याच्या अखेरच्या टप्प्यांतील एका एंझाइमाचे जनुक तिच्यात शाबूत आहे, पण त्याच्या उगमाशी मेथिल गटांचे कुलूप लागलेले आहे. येथे कोलेस्टेरॉल निःसंशय अन्न होय.

आदेशाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात संशोधकांची बरीच फसगत झाली. रक्तरस हा गोठलेल्या रक्तातून मिळतो. गोठताना बिंबिका फुटतात आणि आपल्यातील द्रव्ये सोडतात. सिॲटल येथे रसेल रॉस व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की न गोठविलेल्या रक्ताच्या द्रवावर धमनीच्या स्नायुपेशी जवळजवळ स्वस्थ राहतात आणि गोठलेल्या रक्ताच्या रसावर जोमाने विभागतात. विभागण्याचा तो आदेश बिंबिकांतील एका प्रथिनाचा होता. त्याच सुमारास एलडीएलमुळेही या स्नायुपेशी विभागतात असे वृत्तांत येत होते, आणि धमनीकाठिण्याशी त्यांचा संबंध उघड असल्यामुळे त्यांना महत्त्वही मिळाले. पण रक्तरसातून एलडीएल वेगळे करताना त्यासोबत दुसरे काही चिकटून आले नाही, ही खात्री प्रत्येक वेळी द्यावी लागे. पुढे असेही दिसून आले की काही आदेश गोलकावरील सहप्रवाशांकडूनच येतात. एचडीएलवरील अपोप्रथिन एम हे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट नावाचे मेदद्रव्य वाहून नेते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातील पेशींवर या द्रव्याचे स्वतंत्र ग्राही असतात. म्हणजे गोलक येथे पानही वाढतो आणि निरोपही पोहोचवितो, परंतु निरोप देणारा रेणू वेगळा असतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोस्पोडारोविझ यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. गुरांच्या रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी त्यांनी रक्तरस पूर्णपणे वगळून वाढविल्या. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, माध्यमात उच्चघनता मेदप्रथिन आणि लोह वाहणारे ट्रान्सफेरिन असले की काम भागे. मात्र त्यासाठी बशीच्या तळाशी डोळ्याच्या पारपटलातील पेशींनी विणलेले आधारद्रव्य पसरलेले असावे लागे. उघड्या प्लॅस्टिकवर एवढ्याने भागत नसे. पेशीच्या पायाखालची जमीन बदलली की तिची भूकही बदलते. मेदप्रथिनाचा परिणाम सांगताना बशीचे वर्णन गाळून चालत नाही, ते यामुळेच.

तिसरी शक्यता विषाची. १९७९ पासूनच्या पाचसहा वर्षांत क्लीव्हलँड व ला होया येथील प्रयोगशाळांनी असे पाहिले की रक्तरस नसलेल्या माध्यमात एलडीएल घातले असता पेशी वाढण्याऐवजी मरतात. दोष एलडीएलचा नव्हता. बाटलीत त्यातील मेदाचे ऑक्सिडीकरण होत होते, खवट तेलात होते तसे. ई जीवनसत्त्व आधी घातल्यास हा परिणाम टळे. एचडीएल किंवा रक्तरस घातल्यासही टळे. हॅम यांच्या एफ-१० या लोकप्रिय माध्यमात तांबे व लोह यांचे क्षार असतात आणि हे धातू ऑक्सिडीकरणास गती देतात. एका प्रयोगशाळेत एलडीएल पोषक आणि दुसरीत मारक ठरत असे, त्याचे कारण पुष्कळदा माध्यमाच्या बाटलीवरील घटकसूचीतच लिहिलेले होते.

येथवर सस्तन प्राण्यांच्या पेशींचा विचार झाला. त्या कोलेस्टेरॉल घडवूही शकतात आणि घेऊही शकतात. म्हणूनच त्यांच्यावरील प्रयोगांचे निर्णय नेहमी ‘परंतु’सह द्यावे लागतात. कीटकांची गोष्ट वेगळी. माशीच्या अळ्यांना कोलेस्टेरॉल अन्नातून मिळावेच लागते हे हॉब्सन यांनी १९३५ मध्ये दाखविले. कीटकांत स्टेरॉल घडविण्याच्या वाटेचा पूर्वार्ध आहे, उत्तरार्ध नाही. मेव्हॅलोनेटपासून निघालेली वाट मध्येच फुटून संप्रेरके व डोलिकॉल यांकडे जाते, कोलेस्टेरॉलकडे पोहोचत नाही. डासाच्या अळीला ते पाण्यातील शेवाळ व कुजके पदार्थ यांतून मिळते. मादीला ते पुढे मनुष्याच्या रक्तातूनही मिळते, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल म्हणजे बहुतांशी मेदप्रथिनांतील कोलेस्टेरॉल. डासाच्या स्वतःच्या शरीरात त्याची वाहतूक लिपोफोरिन हे कीटकांचे मेदप्रथिन करते. मेदवाहक असाच त्या ग्रीक नावाचा अर्थ आहे. सस्तन प्राण्यांच्या गोलकांना त्यांचे नाव तरंगण्यावरून मिळाले, याला कामावरून मिळाले.

कीटकाची पहिली टिकाऊ पेशीमालिका ऑस्ट्रेलियात ग्रेस यांनी १९६२ मध्ये सिद्ध केली. त्यांच्या माध्यमात त्या पतंगाच्याच शरीरातील द्रव घालावा लागे. डासांच्या बाबतीत हे यश पुण्यास मिळाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापिले होते. हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे के. आर. पी. सिंग यांनी नुकत्याच अंड्यांतून बाहेर आलेल्या अळ्यांपासून एडीस ईजिप्ती आणि एडीस अल्बोपिक्टस या दोन जातींच्या पेशीमालिका तयार केल्या, आणि १९६७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे वेगळेपण असे की कीटकाच्या द्रवाऐवजी त्या गर्भस्थ वासराच्या रक्तरसावर वाढल्या. अल्बोपिक्टसच्या मालिकेतून इगाराशी यांनी १९७८ मध्ये डेंग्यू व चिकुनगुन्या विषाणूंना विशेष संवेदनशील असा एक वाण निवडून काढला. सी६/३६ या नावाने तो आज जगभरच्या विषाणू प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याचे मूळ पुण्याचे आहे हे महाराष्ट्रातही फारसे कोणास ठाऊक नाही.

ज्या पेशीला कोलेस्टेरॉल घडविताच येत नाही तिला मेदविरहित रक्तरसावर ठेवले तर ती मरावी, असे कोणीही म्हणेल. न्यूयॉर्क येथे फेलन आणि कीलियन यांनी सी६/३६ पेशींवर हा प्रयोग केला व १९९१ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध केले. मेद काढलेल्या रक्तरसावर पिढ्यांमागून पिढ्या वाढविल्यावर पेशींतील कोलेस्टेरॉल अगदी थोडे उरले. पेशी मात्र जगत व विभागत राहिल्या. या पेशींत मग दोन विषाणू सोडण्यात आले. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचा संसर्ग झाला. सेमलिकी फॉरेस्ट विषाणूचा जवळजवळ झालाच नाही. कोलेस्टेरॉल परत दिल्यावर तो झाला. हा विषाणू पेशीत शिरताना आपले आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करतो आणि त्या क्षणी पटलात कोलेस्टेरॉल असणे त्याला आवश्यक असते. म्हणजे रक्तरसातील मेदाचा जो घटक पेशीच्या वाढीसाठी अनिवार्य मानावा असे वाटत होते, तो पेशीपेक्षा तिच्यातील परोपजीवी विषाणूच्या वाढीस अधिक अनिवार्य निघाला. ‘कोणाची वाढ’ हाही प्रश्न विचारावा लागतो, तो असा.

पेशी तग धरून राहते याचे एक अंग पुढे उलगडले. सस्तन पेशींत मेदनिर्मितीचे नियमन करणारी यंत्रणा कोलेस्टेरॉलचे मोजमाप करीत असते; फळमाशीच्या पेशींत तीच यंत्रणा फॉस्फॅटिडिल-इथॅनॉलमाइन या फॉस्फोमेदाचे मोजमाप करते, असे २००२ मध्ये डॅलसच्याच प्रयोगशाळेतून दाखविण्यात आले. कीटकाच्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉलचे प्रमाण मुळातच कमी असते. तिचे हिशेबाचे माप दुसरे आहे. औद्योगिक संवर्धनातही याचा उपयोग झाला. मायोरेला व सहकारी यांनी १९८८ मध्ये कीटकपेशींसाठी रक्तरस वगळून कोलेस्टेरॉल, कॉड माशाच्या यकृततेलातील मेदाम्लांचे एस्टर, ई जीवनसत्त्व आणि पायसीकारक द्रव्ये यांचे मिश्रण वापरले, आणि पेशी उत्तम वाढल्या. मेदप्रथिनाचा गोलक येथे लागलाच नाही. वाढपी बदलला तरी पंगत उठत नाही; पदार्थ पानात पडल्याशी काम.

खानदेशाला या सर्वांचे सोयरसुतक काय, असे कोणी विचारील. सेमलिकी फॉरेस्ट विषाणू हा चिकुनगुन्याच्या विषाणूचा भाऊबंद आहे. १९७३ मध्ये बार्शी येथे उद्भवलेल्या साथीनंतर महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला चिकुनगुन्या २००६ मध्ये परतला तो मालेगावात, धुळ्याच्या वेशीशी म्हणावे इतक्या जवळ. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या गावांत घरोघर पिंपे, टाक्या व हौद भरून ठेवावे लागतात, आणि एडीस ईजिप्ती हा डास नेमक्या अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. साथ पसरण्यास ही व्यवस्था अनुकूलच होती.

त्याच सुमारास हिंदी महासागरातील बेटांवरील साथीत विषाणूच्या आवरणातील ई१ या प्रथिनात एक बदल आढळला: २२६ व्या स्थानी अलॅनिनऐवजी व्हॅलिन. भारतात २००६ मध्ये फिरणाऱ्या विषाणूत तेथे अलॅनिनच होते. २००७ मध्ये केरळात, जेथे अल्बोपिक्टस डासाचा सुळसुळाट आहे, व्हॅलिन असलेला विषाणू मिळाला. सेमलिकी फॉरेस्ट विषाणूत कोलेस्टेरॉलची गरज ठरविणारे स्थान म्हणून जे पूर्वी हाती लागले होते, ते हेच २२६ वे स्थान. साहजिकच या बदलाचा व कोलेस्टेरॉलचा संबंध तपासण्यात आला. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे त्सेत्सार्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल काढून घेतलेल्या सी६/३६ पेशींत दोन्ही विषाणू वाढविले. २००७ मधील त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे व्हॅलिनयुक्त विषाणू अल्बोपिक्टस डासात अधिक सहज वाढतो, आणि कोलेस्टेरॉलवर अधिक अवलंबूनही असतो. दोन गोष्टी एकत्र आल्या म्हटल्यावर एक दुसरीचे कारण असावी असा तर्क झाला. या तर्काचा आकर्षकपणा मान्य केला पाहिजे. डासाच्या देहात कोलेस्टेरॉल मोजकेच, म्हणून त्याच्याशी विषाणूचे नाते बदलले की डासाशी नातेही बदलते, असे म्हणणे सुबक दिसते. परंतु त्याच गटाने पुढे आणखी काही बदल तपासले आणि २०११ मध्ये लिहिले की अल्बोपिक्टसशी झालेले अनुकूलन आणि कोलेस्टेरॉलवरील अवलंबन यांचा परस्परमेळ बसत नाही. एकाच ॲमिनो अम्लाने दोन्ही गोष्टी बदलल्या होत्या, एवढेच.

अशा तऱ्हेच्या प्रयोगात दोन बाटल्यांमध्ये एकाच घटकाचा भेद ठेवणे हेच मुख्य कौशल्य असते. मेद काढण्याच्या रासायनिक क्रियेत कोलेस्टेरॉलसोबत मेदाम्ले आणि मेदविद्राव्य जीवनसत्त्वेही जातात. म्हणून मेद काढलेल्या रक्तरसात केवळ कोलेस्टेरॉल परत घातलेली तिसरी बाटली नेहमी शेजारी ठेवावी लागते. वासराच्या रक्तरसाचा प्रत्येक साठा घटकांच्या प्रमाणात थोडा निराळा असतो, आणि गर्भस्थ वासराच्या रक्तरसात प्रौढ मनुष्याच्या मानाने कोलेस्टेरॉल पुष्कळ कमी असते. तेव्हा एका साठ्यावरील आकडे दुसऱ्या साठ्यावरील आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. पुण्याच्या त्या अळ्यांपासून निघालेल्या पेशी आजही बहुतेक प्रयोगशाळांत सुमारे २८ अंश सेल्सिअसला ठेवल्या जातात, आणि त्यांच्या माध्यमात शंभर भागांत साधारण दहा भाग वासराचा रक्तरस असतो.